मोरीचा ढाळ

आमच्या खोलीची मोरी मी स्वतःच्या हातांनी बांधली, असं मी चारचौघांत सांगायला लागलो की आमची दीपिका खोकते. ती खोकली की प्रिती, म्हणजे आमची कन्या, तत्परतेने पाण्याचा पेला आणून देते आणि मायलेकी एकमेकींकडे बघतात. बघोत बापड्या. खरं बोलायला माणसाने घाबरू नये. हात माझेच होते. बाकीचा तपशील पुढे येईलच.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. खोलीच्या कोपऱ्यात साडेतीन बाय साडेतीनची मोरी, तिच्यापुढे विटांचा कट्टा आणि कट्ट्यावर काळा कडप्पा. कट्टा चांगला गुडघ्याएवढा उंच. मोरीत जायचं म्हणजे तो ओलांडायचा. आम्ही जन्मभर ओलांडत आलो, त्यामुळे तो उंच आहे हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण गेली दोन वर्षं आईचे गुडघे वाजायला लागले. कट्टा ओलांडताना ती आधी भिंत धरायची, मग नळ धरायची आणि मग आमच्यापैकी कुणी बघत नाही ना, हे बघायची. शेवटी आठ महिने वाट पाहून इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली. सव्वीस मार्च. ही चुकली तर एकदम दिवाळीनंतरची.

तारीख मिळाल्याचं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी आल्यावर मोरीत कशी जाणार मी?"

"आम्ही आहोत ना. दीपिका आहे, प्रिती आहे. धरून नेतील, आंघोळ घालतील."

"मला कोणी आंघोळ घालायची नाय," आई म्हणाली. "मेल्यावर घाला. तोवर माझी मी करीन. मोरीत माझ्या पायाने जाता आलं तर ऑपरेशन. नायतर ती तारीख दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका, त्याचं भलं होईल."

आमची आई, सुंदराबाई, तांदळाकडे बघत एखादी गोष्ट बोलली की ती ठरली. म्हणजे कट्टा काढायचा, खाली न घसरणाऱ्या फरश्या बसवायच्या आणि धरायला भिंतीत एक दांडी ठोकायची. एवढंच काम. मी मिस्त्रीला बोलावलं. त्याने मोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "पाच दिन का काम है साहब. लेकिन होली के बाद." होळीनंतर म्हणजे कधी, तर एप्रिलमध्ये. सगळी माणसं गावाला निघाली होती. दुसरा मिस्त्री आपल्या कोकणातला बघितला, तर तो शिमग्याला निघालेला. उत्तरेचा असो नाहीतर दक्षिणेचा, मार्चमध्ये मुंबईत मिस्त्री म्हणून राहत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं.

तेव्हा भर गॅलरीत, दहा माणसांसमोर, मी म्हणालो, "त्यात काय एवढं? मोरीच तर आहे! चार शनिवार-रविवार आहेत हातात. मी करतो."

माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. पाणी गळून झालेल्या नुकसानीच्या फायली गेली बावीस वर्षं वाचतो आहे. कुठल्या भिंतीला ओल का आली, हे मी ती भिंत न बघता सांगू शकतो, आणि तिची भरपाई का मिळणार नाही हेही सांगू शकतो. एवढ्या ज्ञानावर लोक पूल बांधतात.

आबा, म्हणजे माझे वडील राजाराम, गॅलरीत पेपर वाचत होते. गिरणीत तीस वर्षं फिटर होते. माझं बोलणं ऐकून त्यांनी पेपर घडी केला, पुन्हा उघडला आणि वाचायला लागले.

पहिला शनिवार. हातोडी उचलणार तोच शेजारच्या खोलीतून तात्या म्हणाले, "अर्ज केलास का?"

तात्या आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून ते बनियनवर दारात खुर्ची टाकून बसतात आणि चाळीत काय चाललंय ते बघतात. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला आणि तीन पावलं चालून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत दिला.

"कमिटीचं ऑफिस संध्याकाळी सात ते आठ."

मी सात वाजता गेलो. तात्या त्याच खुर्चीत, त्याच जागी बसले होते. फक्त बनियनवर शर्ट चढवला होता. अर्ज त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "खालच्या खोलीची ना हरकत कुठाय?"

आमच्या खाली, पहिल्या मजल्यावर, लतिकाबाई राहतात. म्युनिसिपालिटीच्या शाळेत बाई होत्या. चौथीत मला त्याच शिकवायला होत्या. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही त्यांच्या दारात गेलो की माझे हात आपोआप पाठीमागे जातात.

"हातोडी तूच मारणार?" बाईंनी विचारलं.

"हो बाई."

"हस्तव्यवसायाला तू कागदाची होडी करून आणली होतीस. ती उभीसुद्धा राहत नव्हती."

असं म्हणून त्यांनी ना हरकत लिहून दिली, पण अटींवर. दुपारी एक ते चार त्या झोपतात, तेव्हा ठोकाठोक नाही. साडेसहाला मालिका सुरू होते, तेव्हा नाही. सकाळी नऊच्या आधी नाही, कारण ते सभ्यपणाचं नाही. आणि पाण्याचा एक थेंबही खाली येता कामा नये. हे सगळं वजा करून कामाला काय उरलं त्याचा हिशेब करीपर्यंत पहिला रविवारही संपला होता.

दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला मी कमरेला टॉवेल गुंडाळून उभा राहिलो. आबांनी आधी भिंतीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर उतरवली, धूळ लागू नये म्हणून निळ्या कापडात बांधली आणि तात्यांकडे नेऊन ठेवली. मग आपल्या ट्रंकेतली हातोडी आणि छिन्नी काढून माझ्यासमोर ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी कट्ट्यावर पहिला घाव घातला. कट्ट्याला काही झालं नाही. दहाव्या घावाला माझ्या खांद्याला झालं. कुणी बांधला होता कोण जाणे! मी आपला चाळ बांधणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो. "असा कट्टा बांधतात का? बॉम्ब टाकायचा विचार होता की काय कुणाचा?" गॅलरीतली मंडळी हसली. आबा खाली चौकात बघत होते.

जेवणाच्या वेळेपर्यंत कट्टा गेला. वरचा कडप्पा मात्र अख्खाच्या अख्खा निघाला. तीन फूट लांब, फूटभर रुंद, एक टवका उडालेला नाही. माझ्या कारागिरीचा तो पहिला आणि एकमेव पुरावा. फेकवेना, म्हणून तात्यांनी तो गॅलरीत आमच्या दारासमोर चार विटांवर ठेवून घेतला. "राहू दे. बसायला होईल."

तो दिवस आणि पुढचे सगळे शनिवार-रविवार, माझ्या कामाचे प्रेक्षक त्या कडप्प्यावर बसले. तिघे बसायचे, चौथा अर्धा. सकाळी चहा घेऊन यायचे ते एकपर्यंत. पुन्हा चारला हजर. "थापी अशी नाही, तिरकी धर." "वाळू चाळलीस का?" "आमच्या मेव्हण्याने अँटॉप हिलला केलं, त्याने आधी वॉटरप्रूफिंग केलं होतं." या मेव्हण्याला मी बघितलेलं नाही, पण आयुष्यात मी कुणाचा एवढा राग केलेला नाही. आबा तेवढे त्यावर कधी बसले नाहीत. कठड्याला टेकून उभे राहायचे. मला वाटलं, दगड गार लागत असेल.

रविवारी पहाटे पाणी आलं तेव्हा कळलं की आदल्या दिवशी माझी छिन्नी नळाच्या पायपालाही भेटून आली होती. बारीकसं भोक. त्यातून पाण्याची एक धार निघाली ती थेट समोरच्या कपाटावर. मी अंगठ्याने भोक दाबून पाणी जाईपर्यंत, म्हणजे सव्वा तास, तसाच वाकून उभा होतो. चाळीतलं सगळं पाणी माझ्या अंगठ्यामागे अडल्यासारखी वरची-खालची माणसं दारात येऊन माझी चौकशी करून गेली. पाईप नंतर आबांनी जोडला. त्यांना पाच मिनिटं लागली.

मोरी फुटल्यावर घरातल्यांनी आंघोळ कुठे करायची, याचा विचार माझ्या आराखड्यात राहून गेला होता. प्रिती "अभ्यासाला शांतता पाहिजे" असं सांगून अँटॉप हिलला मावशीच्या क्वार्टर्समध्ये आंघोळीला जाऊ लागली आणि हळूहळू तिथेच जेवूही लागली. दीपिका आणि आई तात्यांच्या घरी. तात्यांच्या मोरीला कट्टा नाही, पण आईला परक्या घरी आंघोळ करणं जड जायचं. दोन तांब्यांत आटपून यायची. मी गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक नळावर. दावे विभागाचा अधिकारी हाफपँटवर डोक्याला साबण लावून बसलेला असताना येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून "काय साहेब, आज सुट्टी?" असं विचारतो, तेव्हा डोळ्यांत साबण असूनही उत्तर द्यावं लागतं.

मधल्या आठवड्यात मी राडारोड्याच्या मागे लागलो. सात गोण्या निघाल्या होत्या. त्या उचलायला ज्या कचेरीत नाव नोंदवायचं, तिथे फोन लावला.

"काम कुठलं? बाथरूम की किचन?"

"मोरी."

"मोरी यादीत नाही. बाथरूम लिहू की किचन?"

आता मोरीत आम्ही आंघोळ करतो, भांडी घासतो, कपडे धुतो आणि मासळीही तिथेच साफ होते. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "दोन्ही."

"दोन्ही घेत नाही सिस्टीम. दोन कामांचे दोन अर्ज करा. प्रत्येकी किती गोण्या ते वेगळं लिहा."

सात गोण्यांपैकी बाथरूमच्या किती आणि किचनच्या किती, हे मला ठरवता येईना. तोवर तात्यांनी त्या गोण्या कडप्प्यामागे रचून घेतल्या. मंडळींची पाठ टेकायची सोय झाली.

तिसऱ्या शनिवारी फरश्या बसवल्या. रंग समुद्री हिरवा, पृष्ठभाग खरखरीत. प्रितीच्या फोनवर व्हिडिओ बघून सगळं शिकलो होतो. व्हिडिओतल्या गृहस्थाचं बाथरूम आमच्या खोलीपेक्षा मोठं होतं आणि त्याला कुणी सल्ला देत नव्हतं, एवढाच फरक. मी नवीकोरी पाणसळ आणली होती. एकेक फरशी बसवायची, वर पाणसळ ठेवायची आणि आतला बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत ठोकत राहायचं. बारा फरश्या, बाराही ठिकाणी बुडबुडा मध्यावर. मी कडप्प्यावरच्या मंडळींना एकेकाला आत बोलावून बुडबुडा दाखवला. तात्यासुद्धा गप्प झाले.

आबा दारात येऊन उभे राहिले.

"पाणी कुठं जाणार रे?"

"जाळीत."

"का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "का म्हणजे? जाळी आहे म्हणून."

"बरं," आबा म्हणाले आणि गेले. वयोमानाने माणसं तत्त्वज्ञानाकडे वळतात, असं मला वाटलं.

रविवारी संध्याकाळी उद्घाटन. दीपिकाने नारळ नको म्हणून सांगितलं होतं, तरी तात्यांनी पेढे आणले होते. लतिकाबाई मालिका सोडून वर आल्या होत्या. प्रितीने फोन धरला. मी पहिली बादली ओतली.

पाणी फरशीवर पसरलं. जागच्या जागी थांबलं. जाळी हातभर अंतरावर होती, पण तिकडे जायचं त्याला काहीच कारण दिसेना. मी दुसरी बादली ओतली. आता पाण्याला कुठेतरी जाणं भाग होतं. पूर्वी त्याला कट्टा अडवायचा. तो मी काढला होता. तेव्हा ते सावकाश, एकसारखं, अगदी पाणसळीला धरून घरात आलं. कपाटाखाली गेलं, आईच्या खाटेखाली गेलं, उंबऱ्यावरून गॅलरीत गेलं आणि कठड्याच्या फटीतून खाली पहिल्या मजल्यावर गेलं. तिथे लतिकाबाईंनी साडीवर घातलेले वर्षाचे पोह्याचे पापड अजून उचलायचे होते.

बाई खाली गेल्या. पाच मिनिटांनी वर आल्या. हातात माझ्या अर्जाची प्रत होती. "एक थेंब म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. पर्समधून पेन काढून त्यांनी माझ्यादेखत ना हरकतीवर आडवी रेघ मारली आणि तारीख घातली. मंडळी पेढ्याचा पुडा तिथेच ठेवून पांगली. आबाही चौकात जाऊन बसले.

आम्ही रात्रीच्या जेवणाआधी घरभर गोणपाटं फिरवत होतो. ऑपरेशनला दहा दिवस उरले होते, हातात एकच शनिवार-रविवार, आणि तोही बाईंच्या परवानगीशिवाय. आई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. तिने माझ्या पिळून पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघितलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तारीख पुढं ढकल. दिवाळी काय लांब नाय. आठ महिने काढले, अजून आठ काढीन."

ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. माझी समजूत घालत होती ती. मला इतकं वाईट वाटलं की मी गोणपाट घेऊन मोरीतच बसून राहिलो. एका माणसाला आपल्या पायाने आंघोळीला जाता यावं एवढीच गोष्ट होती, आणि मी बारा बुडबुडे मध्यावर आणून ती घालवली होती.

प्रितीने विचारलं, "आजी, पण तो कट्टा एवढा उंच कुणी बांधला होता?"

"तुझ्या आजोबांनी," आई म्हणाली.

माझ्या हातातलं गोणपाट तसंच राहिलं.

"याच्या वेळेला मला सातवा होता," आईने माझ्याकडे हनुवटी केली. "खाली उकिडवं बसून भांडी घासवेना. बसले तर उठवेना. तेव्हा संप चालू होता, हे घरीच. कुठून तरी एक कडप्पा मिळवला आणि लालबागपासून खांद्यावर घेऊन चालत आले. मग रोज विटांचा एकेक थर वाढवायचे आणि मला वर बसवून बघायचे. पाय नीट टेकतात का, उठता येतं का. आठ दिवस चाललं होतं. चाळ हसायची. त्या कट्ट्यावर बसून घासलीत मी भांडी, तू होईस्तोवर."

दीपिका खोकली नाही. मी दारातून बाहेर बघितलं. गॅलरीत चार विटांवर कडप्पा होता आणि त्यावर पेढ्यांचा पुडा.

मी खाली चौकात गेलो. आबा एकटेच बसले होते. विमा कंपनीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य बोलणं किती जड जातं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

"आबा, ढाळ कसा काढायचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तीन आठवडे झाले. मला वाटलं, इन्शुरन्समध्ये शिकवत असतील."

"कट्टा तुम्ही बांधलाय, हे सांगायचं तरी."

"काय सांगायचं त्यात? तिच्यासाठी बांधला होता, आता तिलाच अडतोय म्हटल्यावर काढायलाच पाहिजे." थोडं थांबून म्हणाले, "एवढ्या शिव्या नको होत्या पण."

आबा उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि आधी लतिकाबाईंच्या दारात गेले. मी जिन्यात उभा राहिलो. आतून फार बोलणं ऐकू आलं नाही. आबा बाहेर आले ते नवी ना हरकत घेऊनच. बाईंच्या वळणदार अक्षरात तिच्यावर लिहिलं होतं: "काम श्री. राजाराम यांच्या देखरेखीखाली व्हावे. अभयने फक्त सांगितलेले करावे."

चौथ्या शनिवारी मी माझ्याच हिरव्या फरश्या उखडल्या. बारापैकी पाच फुटल्या. दुकानात तो रंग संपला होता, म्हणून पाच राखाडी आणल्या. आबा मोरीबाहेर स्टुलावर बसले. त्यांनी दोन कोपऱ्यांत खिळे ठोकायला लावले, खिळ्यांपासून जाळीपर्यंत दोरा ताणला आणि म्हणाले, "फुटाला पाव इंच खाली. दोऱ्याच्या वर जायचं नाय, खाली जायचं नाय."

"आणि पाणसळ?"

"ती कपाटात ठेव. टेबलं बसवायला उपयोगी पडेल."

प्रत्येक फरशी बसली की ते तांब्यातून चमचाभर पाणी तिच्यावर सोडायचे आणि बघत बसायचे. पाणी जाळीकडे निघालं की मान हलवायचे. जरा घुटमळलं तर "काढ." मी काढायचो. "पाणी आळशी असतं," ते म्हणाले. "त्याला वाट करून दिली नाय तर ते माणसांत येऊन बसतं." एक फरशी मी सहा वेळा काढली. कडप्प्यावरची मंडळी त्या दिवशी अवाक्षर बोलली नाहीत. एकदा तात्यांनी अँटॉप हिलच्या मेव्हण्याचा विषय काढला, तेव्हा आबांनी नुसतं वळून बघितलं.

रविवारी संध्याकाळी कट्ट्याच्या जागी बोटभर उंचीची पट्टी घातली. भिंतीत दांडी बसवली. फरश्या नीट धरू दिल्या आणि मंगळवारी बादली ओतली. पाणी जाळीत गेलं. सगळंच्या सगळं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि पेढे आणायची हिंमत तर कुणी केलीच नाही. आईने खाटेवरून बघितलं आणि पिशवीत साडी भरायला घेतली. बुधवारी ती ऑपरेशनला गेली.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर मुलीने आम्हाला समोर बसवून समजावलं, "आजींना उभ्याने आंघोळ नको. बसूनच. पण प्लॅस्टिकचं स्टूल चालणार नाही, ते सरकतं. पक्की बैठक पाहिजे, आणि गुडघ्यापेक्षा किंचित उंच. यांच्यासाठी सतरा इंच बघा."

आबा माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विटा सोळा इंच. वर कडप्पा इंचाचा."

आम्ही चाळीत पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. कडप्प्यावर तात्या आणि आणखी दोघे, पाठ गोण्यांना टेकून चहा पीत होते.

"तात्या, उठा," मी म्हणालो.

"का रे?"

"कडप्पा पाहिजे. आईला."

महिनाभराची बैठक होती ती. तात्यांनी कप खाली ठेवला. "तसा तो आता कमिटीच्या जागेत आहे. नियमाने अर्ज—" आणि आबांकडे बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. आत जाऊन शर्ट चढवून आले आणि म्हणाले, "मंजूर." मग एका बाजूने तेच उचलू लागले. दुसऱ्या दिवशी सवयीने चहा घेऊन ते त्याच जागी बसायला गेले आणि कडप्पा नसल्याने सरळ फरशीवर आले. चहा लतिकाबाईंच्या गॅलरीत गेला. त्यांनी खालून फक्त "अभय?" अशी हाक मारली.

मोरीच्या आतल्या भिंतीला लागून दोन बाजूंनी विटा चढवल्या. या वेळी माप घ्यायला आई नव्हती. आबांनी टेप लावलीच नाही. हाताने दीड वीत मोजली, वर चार बोटं धरली आणि म्हणाले, "ठेव." मी कडप्पा ठेवला. नंतर चोरून टेप लावली. सतरा इंच.

आईचे टाके निघाले आणि डॉक्टरांनी पाणी घ्यायला परवानगी दिली, तेव्हा जयंती तोंडावर आली होती. आईने ठरवलं, पहिली आंघोळ चौदा एप्रिलच्या सकाळीच. आंघोळ करायची, पांढरी साडी नेसायची आणि चौकात झेंडा चढवताना आपल्या पायावर उभं राहायचं. निळ्या कापडातली तसबीर पुन्हा भिंतीवर लागली होती, तिला हार घातला होता. चाळीवर पताका होत्या. गॅलरीत सगळे पांढऱ्या कपड्यांत तयार होऊन उभे होते आणि कुणी खाली उतरत नव्हतं. आमच्या दारात ही गर्दी. लतिकाबाई वर आल्या होत्या. तात्या भिंतीला टेकून उभे होते.

आई वॉकर धरून निघाली. दीपिका पुढे झाली, तर आईने डोळ्यांनीच तिला थांबवलं. एक पाऊल, दुसरं पाऊल. बोटभर पट्टी ओलांडली. दांडी धरली. मोरीचा पडदा ओढला.

आतून तांब्याचा आवाज. मग पाण्याचा. मी फरशीकडे बघत होतो. पडद्याखालून एक थेंब बाहेर आला नाही.

"अहो," आतून आईची हाक आली.

आबा कठड्यापासून ताठ झाले. "काय गं?"

"उंची तीच ठेवलीत?"

"तीच."

पुन्हा तांब्याचा आवाज झाला. दीपिकाने पदराने डोळे पुसले आणि मी फोनमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं केलं. मग आईचा आवाज आला, भांडी घासताना गॅलरीभर जायचा तसा, ठणठणीत.

"अहो, पाठीला हात पोचत नाय माझा!"

आबांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, चौकातल्या झेंड्याच्या काठीकडे बघितलं. मग नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि चपला काढून आत गेले.

"चला रे," लतिकाबाई म्हणाल्या, "बघताय काय?" आणि त्यांनी स्वतः पुढे होऊन आमच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. आमचं दार तर मी जन्मल्यापासून उघडंच बघितलंय. त्या सकाळी ते लागलं, आणि मी, दीपिका, प्रिती, सगळे बाहेर.

खालून कुणीतरी झेंड्याची वेळ झाली म्हणून ओरडत होतं. कुणी हललं नाही. भिंतीतल्या पायपातून खळखळ पाणी खाली गेलं. तात्यांनी पायपाला कान लावला, शेवटचा आवाज जाईपर्यंत तसेच राहिले आणि मग म्हणाले, "ढाळ बरोबर पडलाय."